वाईचे घाट, सात आळ्या आणि कृष्णाबाई

पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या बहुतेकांसाठी वाई म्हणजे पसरणीचा घाट चढण्याआधीचा चहा. ढोल्या गणपतीला हात जोडायचे, पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या आणि वर निघायचं. यंदा माघात मी मुद्दाम वाईतच मुक्काम ठरवला, कारण माघ-फाल्गुनात इथे कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव असतो आणि तो दोन तासांत बघण्यातला नाही. सोबतीला मामा आले. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. नदी दिसली की त्यांची नजर आधी पाण्याच्या पातळीकडे जाते, मग काठावरच्या देवळाकडे.

गुरुवार

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला गाडी उजवीकडे वळली आणि दोन्ही बाजूंना जुने वड सुरू झाले. महामार्गावरचा उन्हाचा भगभगाट इथे एकदम संपतो. ही झाडं रस्त्याइतकीच वाईच्या वाटेची ओळख आहेत. ती उभी राहायला हवीत, रस्ता कितीही रुंद करायचा असला तरी.

मधल्या आळीत एका जुन्या घराच्या माडीवर खोली मिळाली होती. ज्या काकूंचं घर, त्यांनी चहा देतानाच विचारलं, "उत्सवाला आलात ना? मग रविवारी प्रसादाला थांबायचं. तसं जायचं नाही." आम्ही कोण, कुठले, हे त्यानंतर विचारलं.

ऊन कलल्यावर घाटावर उतरलो. वाई गाव कृष्णेच्या काठाने लांबट पसरलं आहे आणि नदीकडे त्याचे सात घाट आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. ही घाटांची नावं तशी आळ्यांचीही. प्रत्येक आळीच्या गल्ल्या सरळ खाली येतात आणि आपल्याच पायऱ्यांवर संपतात. नाशिकला किंवा पंढरपूरला घाट सगळ्या गावाचा, किंबहुना आलेल्या यात्रेकरूंचा वाटतो. इथे पायरीवर बसलेल्या माणसाला विचारलं तर तो आधी आळी सांगतो, मग वाई.

पाणी थोडं होतं, पण बंधाऱ्यामुळे गणपती आळीसमोर डोह भरलेला. पोरं उड्या मारत होती. एक आजोबा गुडघाभर पाण्यात उभे राहून संध्या करत होते आणि त्यांच्या शेजारी एक बाई निवांत गोधडी आपटत होती. कुणाला कुणाची अडचण नव्हती.

गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. त्याच्या शेजारचं काशी विश्वेश्वराचं त्याआधीचं, १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्ते यांचं. वाईचा हा सगळा काठ उभा राहिला तो मुख्यतः रास्त्यांच्या पैशातून. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्याच घरातल्या. पेशवाईतली सत्ता, सावकारी आणि सोयरीक या तिन्ही गोष्टी इथे दगडात दिसतात. गणपती एकाच काळ्या दगडातला, भव्य, मांडी पसरून बसलेला, अंगाला शेंदूर. दर्शन घेणारे त्याच्या आकाराकडे बघून थक्क होतात आणि निघतात. मामा मला देवळाच्या मागे घेऊन गेले.

"ही भिंत बघ."

गाभाऱ्याची मागची भिंत सपाट नाही. ती निमुळती होत गेली आहे, मत्स्याकार म्हणतात तशी.

"पूर कुठून येतो?" मामांनी विचारलं.

"धोमकडून. पश्चिमेकडून."

"आणि देवळाची पाठ कुठे?"

पाठ पश्चिमेलाच होती. पुराचा लोंढा भिंतीवर आदळण्याऐवजी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून हा आकार. अडीचशेहून अधिक वर्षं ते देऊळ अशा जागी उभं आहे, जिथे आजही धोम धरणातून मोठा विसर्ग झाला की पाणी आत शिरतं. "पुलाच्या खांबालासुद्धा आम्ही हेच करतो," मामा म्हणाले आणि भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. वाईत आलेल्या प्रत्येकाने ही मागची बाजू बघावी. पुढून भक्ती दिसते, मागून त्या गवंड्यांचं डोकं दिसतं, आणि मला दोन्ही सारखीच पूजनीय वाटतात.

विश्वेश्वराच्या आवारात अंधार पडेपर्यंत बसलो. नंदीच्या गळ्यातल्या माळांवरचं बारीक कोरीवकाम बोटांनी चाचपडत एक लहान मुलगी घंटा मोजत होती.

शुक्रवार

सकाळी गंगापुरीत गेलो. वाईचं हे टोक पुस्तकांचं आहे. इथे नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळा. पुढे संन्यास घेऊन ते केवलानंद सरस्वती झाले. जुन्या पद्धतीचं शास्त्राध्ययन आणि नव्या काळाचे प्रश्न एकाच ओसरीवर बसवणारी ही शाळा होती. १९१७ मध्ये तरुण विनोबा साबरमती आश्रमातून रजा घेऊन इथे शिकायला आले, उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शास्त्रीबुवांजवळ वाचली. आणि इथलेच विद्यार्थी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. १९३३ मध्ये गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजाजींची (सी. राजगोपालाचारी) कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात झाला, तेव्हा पौरोहित्य केलं ते या वाईच्या शास्त्र्यांनी. नदीकाठी वेद म्हणणारं गाव सनातनीच असणार असं धरून चालणाऱ्यांनी गंगापुरीत एक सकाळ काढावी.

मराठी विश्वकोशाचं कार्यालयही वाईत आहे ते तर्कतीर्थांमुळे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं, साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, तर्कतीर्थ त्याचे अध्यक्ष झाले आणि विश्वकोशाचं काम मुंबई-पुण्याऐवजी कृष्णाकाठी आलं. पहिला खंड १९७६ साली निघाला. कपाटातले ते जाडजूड खंड बघताना मला आमच्या शाळेचं ग्रंथालय आठवलं. तिथे ते कुलपात असायचे आणि बाई परीक्षेनंतर एकेक काढून द्यायच्या. अणुभट्टीपासून आंब्यापर्यंत जगातलं सगळं मराठीत सांगता येतं, हा विश्वास मला त्या खंडांनी दिला. आज ते इंटरनेटवर फुकट वाचता येतात. तरी ज्या गावात त्यांतल्या नोंदी तपासल्या गेल्या तिथल्या रस्त्यावरून चालताना मला भरून आलं.

दुपारी झोप. संध्याकाळी उत्सवाच्या घाटावर.

कृष्णाबाईचा उत्सव एकाच ठिकाणी होत नाही. तो आळीआळीने होतो. एका आळीचे दिवस पुरे झाले की पुढच्या आळीचे. आपल्या घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती वाजतगाजत आणून बसवतात, तिला साडी-दागिने चढतात, आणि मग पूजा, कीर्तन, भजन, हळदीकुंकू, प्रसाद. नदी देवी म्हणून एकेका आळीत माहेरपणाला येते आणि तिचं करायला सगळी आळी घाटावर उतरते. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली माणसं गणपतीला येतील न येतील, पण आपल्या आळीच्या उत्सवाला येतात. माझ्या शेजारी बसलेल्या ताई ठाण्याहून आल्या होत्या. "सासर ब्राह्मणशाहीतलं, माहेर रामडोहचं. दोन्हीकडे यावं लागतं," त्या म्हणाल्या आणि या सक्तीचा त्यांना केवढा आनंद होता ते चेहऱ्यावर दिसत होतं.

उत्सवाची कथा वाईत सांगतात ती १६५९ ची. अफझलखान पूर्वी वाईचा सुभेदार होता. विजापूरहून महाराजांवर चालून आला तेव्हा त्याचा तळ वाईलाच पडला. प्रांतावर काय ओढवेल या काळजीत वाईच्या शेंडे घराण्यातल्या शास्त्रीबुवांनी कृष्णेला नवस केला: महाराजांना यश येऊ दे, तुझा उत्सव करू. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खान पडला आणि उत्सव सुरू झाला. कीर्तनकारांनी उत्तररंगाला, म्हणजे कीर्तनाच्या कथेच्या भागाला, हाच प्रसंग घेतला होता. "खानाचा तळ इथे, या पाण्याच्या काठी!" असं म्हणून त्यांनी हात मागच्या अंधाराकडे केला, तेव्हा पुढे बसलेली सगळी पोरं वळून नदीकडे बघायला लागली. कथा कुठेही ऐकता येते. ती जिथली आहे तिथे ऐकायला मिळणं वेगळं.

शनिवार

मेणवलीला चालत निघालो. तीनेक किलोमीटरची वाट, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला हळद. वाईचा बाजार हळदीसाठी नावाजलेला आणि आम्ही अगदी हंगामात होतो. एका शेताच्या कडेला काहिलीत ओली हळकुंडं शिजत होती. त्या वाफेचा वास मातीचा, थोडा कडवट, किंचित कापरासारखा. शिजलेली हळकुंडं उन्हात पसरली होती. "पंधरा दिवस तरी वाळायला पाहिजेत," शेतातल्या बाईंनी सांगितलं, "मग घासून पॉलिश. तवर मऊ असली तर व्यापारी हात लावत नाही." मामांनी विचारलं, "पाणी कुठलं?" "धोमचं. आवर्तन आलं की." या 'आवर्तना'ची दुपारी पुन्हा गाठ पडायची होती.

मेणवलीचा वाडा नाना फडणवीसांचा. १७६८ च्या सुमारास हे गाव त्यांना इनाम मिळालं आणि त्यांनी इथे सहा चौकांचा वाडा, नदीवर घाट आणि घाटावर देवळं बांधली. वाड्यातल्या भिंतींवरची चित्रं जिथे ओल पोचली नाही तिथे अजून ताजी आहेत. उरलेल्या जागी पोपडे. जोत्याची उंची, एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना कमी होत जाणारा उजेड, खिडकीतून दिसणारा नदीचा तुकडा. हिशेबी माणसाचं घर आहे हे. थाट आहे, उधळपट्टी नाही. नानांचे कागद याच वाड्यात होते. मेणवली दप्तर म्हणून अभ्यासक ते ओळखतात आणि पेशवाईच्या शेवटच्या काळाबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं त्यातून आलेलं आहे.

घाटावर हिंदी सिनेमावाल्यांनी इतकी चित्रीकरणं केली आहेत की आलेली निम्मी माणसं 'ती जागा' शोधत होती. मला बघायची होती घंटा. मेणेश्वराजवळच्या एका छोट्या देवडीत ती टांगली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. नाशिकच्या नारोशंकराला एक, भीमाशंकरला एक, आणि ही मेणवलीला. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे आणि १७०७ हे साल. लूट म्हणून आणली, पण कुणी ती आकृती घासून काढली नाही. ज्या देवाला वाहिली त्याच्या दारात दुसऱ्या देवाची आई अंगावर घेऊन ती तशीच राहिली. मेणवलीच्या मावशी जाता-येता तिलाही हात लावून नमस्कार करत होत्या. याहून जास्त काही मला त्या घंटेबद्दल सांगायचं नाही, फक्त ती वाजवताना हळू वाजवावी. आवाज फार लांब जातो.

तिथून रिक्षाने धोम. धौम्य ऋषींचं गाव असं सांगतात. शंकराच्या देवळापुढे कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आणि त्याच्या मध्यावर कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. कुंड भरलं की कासव पोहतंय असं दिसतं. आम्ही गेलो तेव्हा तळाशी चार बोटं पाणी होतं, त्यामुळे कासवाचे पायही नीट बघता आले. सावलीला बसून डबा खाल्ला. काकूंनी भाकरी, पिठलं, लसणाची चटणी आणि ओल्या हळदीचं लोणचं दिलं होतं.

मग धरण. मामांचा चेहरा इथे उजळला. साडेतेरा टीएमसीचा (अब्ज घनफूट) साठा, समोर कमळगड आणि मागे महाबळेश्वरच्या डोंगरांची भिंत. कृष्णा जुन्या महाबळेश्वरातून निघते, खाली जोरच्या खोऱ्यात उतरते, आधी बलकवडीच्या धरणात अडते, मग इथे.

"तू काल घाटावर जे पाणी बघितलंस," मामा म्हणाले, "ती नदी वाहत नव्हती. साठली होती. पावसाळा सोडला तर धोमच्या खाली कृष्णेत पाणी येतं ते सोडल्यावर. कालव्याला वेगळं, नदीला वेगळं. तारीख ठरते, दार उघडतं, इतके दिवस इतके क्यूसेक, मग बंद. ते आवर्तन."

"म्हणजे कृष्णाबाई तारखेने येते."

"तारखेनेच. पण त्या हळदवाल्या बाईंचं शेत उभं आहे ते याच्यामुळे. बलकवडीचं पाणी तर खंडाळा, फलटणपर्यंत जातं. तिकडचा दुष्काळ मी बघितलाय." थोडं थांबून त्यांनी पाण्याकडे बोट केलं. "आणि याच्या खाली घरं होती, हेही खरं. त्या लोकांना उठावं लागलं. आमच्या फाइलीत त्याला बुडित क्षेत्र म्हणत."

मामांनी आयुष्य ज्या कामात घालवलं त्याच्या दोन्ही बाजू ते अशा एका दमात सांगतात, म्हणून मला त्यांच्याबरोबर फिरायला आवडतं. धरण वाईट असं म्हणणं मला जमणार नाही. फलटणच्या शेताला पाणी हवंच. पण धरणाखालच्या नदीलाही थोडं वाहतं पाणी हक्काने, बारमाही मिळायला हवं, एवढं मात्र धोमच्या भिंतीवर उभं राहून मला पक्कं पटलं.

रविवार

सकाळी सहाला घाटावरून खराट्यांचा आवाज आला. खाली गेले तर विसेक माणसं, काही टी-शर्टवर, दोन बायका साडी खोचून, कॉलेजची मुलं. पायऱ्या झाडणं, पाण्यातली निर्माल्याची पिशवी, चपला, तुटक्या तसबिरी काढणं. दर आठवड्याला करतात म्हणाले. मीही हातमोजे घेतले. तासाभरात आमच्या वाट्याला सर्वांत जास्त काय आलं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सोडलेली फुलं. देवाला वाहिलेलं फूल नदीत सोडताना पिशवी तरी सोडवावी.

काम करताना एक गोष्ट दिसली, ती चार दिवस डोळ्यांसमोर असूनही नीट दिसली नव्हती. घाट स्वच्छ होते. घाण होती ती दोन घाटांच्या मधल्या फटीत. जिथे पायऱ्या संपतात आणि गावातला नाला नदीत उतरतो, तिथे पाणी काळं, वर जलपर्णीचा थर, आणि त्यावर बगळे. घाट आळीचा आहे. त्याला मांडव पडतो, रंग लागतो, दगड हलला तर वर्गणी काढून बसवतात. नाल्याला आळी नाही. त्याच्या काठी कुणाच्या कृष्णाबाईचा मुक्काम पडत नाही.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा शेजारी खराटा घेऊन उभे असलेले एक काका म्हणाले, "ताई, नाल्यात आमचंच पाणी आहे. माझ्या घराचंसुद्धा. उत्सवात सगळ्या आळ्या एकत्र बसवून हाच विषय काढायचा म्हणतोय आम्ही. कीर्तनानंतर. माणसं हलत नाहीत तेव्हा." मला हा उपाय फार आवडला. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा बांधायला सरकारी पैसा लागेल, पाठपुरावा लागेल, वर्षं लागतील. पण त्याच्यामागे लागायला जी माणसं लागतात ती वाईत तयार बसलेली आहेत, सात ठिकाणी, शतकानुशतकांच्या सवयीने.

दुपारी प्रसाद. घाटाजवळ पंगती बसल्या. भात, आमटी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, गव्हाची खीर. आग्रह करून वाढणारी सगळी आळीतलीच माणसं. परवा कीर्तनाला पेटी वाजवणारे गृहस्थ आज आमटीची बादली घेऊन फिरत होते. मामांच्या शेजारी बसलेल्या आजोबांना कळलं की हे पाटबंधारे खात्यातले, मग खीर बाजूला राहिली. "आमच्या उत्सवाच्या दिवसांत आवर्तन का नाही सोडत तुम्ही? बाईच्या मांडवासमोर बाईच आटलेली!" मामांनी निवृत्त झाल्याचं सांगून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. शेवटी कालवा सल्लागार समितीपुढे मागणी कशी मांडायची, अर्ज कुणाच्या नावे करायचा, कधी करायचा, हे त्यांनी आजोबांच्या नातवाला कागदावर लिहून दिलं. पान उचललं गेलं तरी दोघं बसूनच होते.

निघताना काकूंनी हळकुंडांची पुडी दिली आणि विचारलं, "बावधनच्या बगाडाला येणार का?" ते वाईजवळच्या बावधन गावात रंगपंचमीला असतं. बगाड म्हणजे नवसाचा माणूस उंच शिडावर टांगलेला लाकडी गाडा. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बैलजोड्या लावून भैरवनाथाचं बगाड गावापर्यंत ओढत नेतात. गर्दी अफाट असते, त्यामुळे राहायची सोय आधीच करावी लागते.

कुणाला यायचं असेल तर माघ-फाल्गुनातले दिवस निवडा. हवा चांगली असते, हळद निघालेली असते आणि कुठल्या ना कुठल्या घाटावर मांडव असतो. विश्वकोश कार्यालय बघायचं असेल तर कामाचा दिवस धरा. मेणवलीला गाडीने जाऊ नका, चालत जा. आणि कृष्णाबाईच्या मांडवात बसायला कुणाची ओळख लागत नाही; चपला पायरीवर काढायच्या आणि जागा दिसेल तिथे बसायचं, कुणीतरी सरकून घेतंच.